कढीचा भुरका

गणपतीच्या मिरवणुकीत मी ढोल-ताशा पथकाला खेटून उभी राहते. छातीत ठोके घुमतात, शेजारचा काय बोलतोय ते कळत नाही, आणि मला त्यात मजा येते. कुकरची शिट्टी, मिक्सर, वरच्या मजल्यावर टाइल्स फोडणारा गवंडी, यातल्या कशानेही माझं डोकं फिरत नाही. पण एसटीत मागच्या सीटवर कुणी केळं सोलायला घेतलं की माझ्या अंगावर काटा येतो. चिवड्याचा, चकलीचा आवाज निदान कोरडा असतो; तुटली की संपला. केळ्याचा आवाज ओला असतो आणि तो तोंडातल्या तोंडात फिरत राहतो. हे लिहितानाही मला मध्ये उठून पाणी पिऊन यावं लागलं.

ज्यांना हे होत नाही त्यांना वाटतं, चिडचिड होत असेल, एवढंच ना? चिडचिड माझ्या चांगली ओळखीची आहे. रिक्षावाला नाही म्हणाला, ऐन सकाळी गॅस संपला, मुलीने डबा तसाच परत आणला, की चिडचिड होते. तिला कारण असतं आणि ती हळूहळू चढते. इथे मचमच कानावर पडल्याबरोबर जबडा आवळतो, खांदे वर जातात, कानामागे गरम होतं आणि समोरच्याचं ताट हिसकावून घ्यावंसं वाटतं. मग डोकं कारण शोधायला धावतं. हा माणूस किती अडाणी आहे, याला कुणी वळण लावलं नाही का, हा मुद्दाम करतोय. राग आधी आणि कारण मागाहून. बरं, घास गिळून झाला की सुटले, असंही नाही. आता पुढच्या घासाची वाट बघणं सुरू होतं. दोन घासांमधली ती शांतता आवाजाहूनही वाईट. सगळे गप्पांत रंगलेले असतात आणि मी मनातल्या मनात मोजत बसलेली असते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले होते. बंद खोलीत हेडफोन लावून त्यांनी बारीक-बारीक शिट्ट्या ऐकवल्या. ऐकू आली की बटण दाबायचं. आलेख अगदी शहाण्या मुलासारखा आला. “कान उत्तम आहेत तुमचे. जरा दुर्लक्ष करायला शिका,” म्हणून त्यांनी कागद हातात दिला. त्यातलं पहिलं वाक्य बरोबर होतं. बिघाड कानात नसतोच.

या प्रकाराला मिसोफोनिया म्हणतात. मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबॉफ या संशोधक जोडप्याने 2001 मध्ये हे नाव दिलं. कोणताही मोठा आवाज ज्यांना सोसत नाही ते लोक वेगळे आणि काही ठरावीक आवाजांनीच भडकणारे वेगळे, असा फरक त्यांना करायचा होता. पहिल्यांचं दुखणं निदान डेसिबलमध्ये मोजता येतं. आपल्याकडे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. कढीचा भुरका दोन्हींत आरामात बसतो, त्यामुळे पोलिसांत जायची सोय नाही.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मिसोफोनिया असलेल्या आणि नसलेल्या माणसांना मेंदूच्या स्कॅनिंग यंत्रात झोपवून तीन प्रकारचे आवाज ऐकवले होते. पावसासारखे साधे आवाज, रडणाऱ्या बाळासारखे कुणालाही नकोसे वाटणारे आवाज, आणि खाण्याचे, श्वासाचे आवाज. पहिल्या दोन प्रकारांत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. तिसऱ्याला मात्र मिसोफोनियावाल्यांच्या काळजाचे ठोके वाढले, तळव्यांना घाम सुटला, आणि मेंदूतला इन्सुला नावाचा भाग, ज्याच्याकडे कशाची दखल घ्यायची ते ठरवण्याचं काम असतं, तो भलताच जागा झाला. बाळाच्या रडण्याने आम्ही इतरांइतकेच वैतागतो, हे वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे मी सरसकट नाजूक नाही. माझं नाजूकपण अगदी निवडक आहे.

त्याच मंडळींचा 2021 मधला दुसरा अभ्यास जास्त चमत्कारिक आहे. आवाज ऐकणारा मेंदूचा भाग आणि तोंड, जबडा, घसा हलवणारा भाग यांचं आमच्यात जरुरीपेक्षा जास्त सूत जुळलेलं असतं. समोरचा चावतो आणि माझ्या मेंदूत चावण्याचा आदेश तयार होतो. जणू कुणी माझ्या तोंडात शिरून खातंय. हे वाचताना एक सवय आठवली, जी मी कुणाला सांगितली नव्हती. समोरचा माणूस चावत असला की मी त्याच्या तालावर दातांवर दात दाबते. दाबलं की थोडं हलकं वाटतं. ही नक्कल आमच्यातले पुष्कळ जण करतात हे कळल्यावर मला माझ्याच घराण्यातलं कुणी भेटल्यासारखं झालं.

बाकी शास्त्राची स्थिती अजून कच्चीच आहे. मनोविकारतज्ज्ञ डीएसएम नावाच्या ज्या विकारसूचीचा आधार घेतात तिच्यात याला जागा नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या रोगसूचीतही स्वतंत्र नोंद नाही. तज्ज्ञांच्या एका गटाने 2022 मध्ये सगळ्यांना मान्य होईल अशी व्याख्या तेवढी केली. यावर म्हणून वेगळी गोळी नाही. पण 2023 मध्ये ब्रिटनमधली पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात 18 टक्क्यांच्या वर लोकांना अशा आवाजांचा चांगलाच जाच होत असल्याचं निघालं. म्हणजे पाचांच्या पंगतीत एक जण दात दाबून बसलेला असू शकतो.

पंगत म्हटली की आलं माझं घर.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, कोरेगाव तालुक्यातले शेतकरी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते आणि आई, म्हणजे सासूबाई, पुण्यात आमच्याकडे राहायला आले. अण्णांचं कढी पिणं बघण्यासारखं असतं. ऐकण्यासारखं आहे की नाही ते ऐकणाऱ्यावर. वाटी दोन्ही हातांनी उचलायची. एक फुंकर. ओठ कडेला टेकायच्या आधीच हवा आत ओढली जाते, तिच्या मागोमाग कढी, आणि शेवटी डोळे मिटून “हाऽऽ”. मिशीला अडकलेलं कढीलिंबाचं पान काढून ताटाच्या कडेला ठेवायचं, तिथे आधीची दोन-तीन पानं ओळीने लावलेली असतात. मग पुन्हा वाटी. या सगळ्यात मला सगळ्यात जड जाते ती फुंकर. फुंकरीच्या वेळी अजून काहीच झालेलं नसतं, पण सगळं होणार आहे हे माझ्या खांद्यांना कळलेलं असतं.

आणि त्याच भुरक्याने आईंचा चेहरा उजळतो. “जमली वाटतं आज कढी,” असं त्या माझ्याकडे बघून म्हणतात. अण्णा एखाद्या दिवशी मुकाट्याने प्याले, तर मीठ कमी पडलं का म्हणून त्या विचारतील. आमच्याकडे चांगल्या कढीला, ताकाला, आमटीला भुरक्यानेच दाद द्यायची असते. शेवग्याची शेंग चोखूनच खायची, आंबाही रसासकट कोपरापर्यंत ओघळ आणत. चमच्याने टिपून खाणाऱ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात.

म्हणून, “शेवटी टेबल मॅनर्सचाच प्रश्न आहे,” असं कुणी माझी बाजू घ्यायला म्हणतं, तेव्हा मला ती बाजू नको होते. अण्णांचे मॅनर्स माझ्यापेक्षा चांगले आहेत. पानात शीत टाकत नाहीत, वाढणाऱ्या बाईचं जेवण झालं का ते विचारल्याशिवाय हात धुवत नाहीत. आणि मॅनर्सवाली माणसं तोंड मिटून चावतात, तेव्हा नाकातून येणारा श्वास ऐकू येतो, तो मला वेगळा छळतो. दोष तिकडे शोधायचा म्हटला तर कुणीच सुटणार नाही.

लग्नानंतरची पहिली बरीच वर्षं मला एका जुन्या रूढीने वाचवलं. बायकांनी मागाहून जेवायचं. सुट्टीला गावी गेलं की मी ओट्याशी उभी राहायचे, पोळ्या लाटायचे. तव्याचा चर्र आवाज, लाटण्याची खटखट, चिमट्याने फुलका गॅसवर धरला की होणारी फुसफुस. या सगळ्याच्या आड पंगतीतला एकही भुरका माझ्यापर्यंत पोचायचा नाही. गरम पोळी तेवढी धावत नेऊन वाढायची आणि परत. “सून कशी मिळालीय बघा, एकालाही गार पोळी खाऊ देत नाही,” असं चुलत सासूबाई चारचौघांत सांगायच्या. मी मान खाली घालून हसायचे. गावात माझ्या सोशिकपणाची कीर्ती झाली होती आणि मी तर साधी पळ काढत होते. कॉलेजात याच रूढीवर मी तावातावाने भाषण ठोकलं होतं, ही गंमत मला एकटीलाच कळत होती.

मग माझा नवरा सुधारला. हे वाक्य इतर बायका ज्या सुरात म्हणतात त्या सुरात मला म्हणता येत नाही. अण्णा-आई आमच्याकडे आल्यावर त्याने जाहीर केलं, आता सगळ्यांनी एकत्र जेवायचं. पोळ्या आधी करून डब्यात ठेवायच्या, उरल्यासुरल्या तो स्वतः वाढेल. आईंना कौतुक वाटलं. अण्णा म्हणाले, “बरुबर हाय.” आणि मी, जिने हे कधीच मागायला हवं होतं, ती अण्णांच्या बरोबर समोरच्या खुर्चीत येऊन पडले.

ती पहिली काही महिन्यांची जेवणं आठवू नयेत अशीच. मी भराभर खायचे, मीठ आणायला उठायचे, लिंबू आणायला उठायचे, दार वाजल्याचा भास झाला म्हणून उठायचे. शेवटी नवऱ्याने विचारलं, “अण्णांवर राग आहे का तुझा?” तेव्हा त्याला सांगावं लागलं. सांगितलं आणि ऐकणारा हसला नाही, हे माझं नशीब. पण त्याचा परिणाम भलताच झाला. त्यानंतर तो स्वतःच माझ्यासमोर खाताना अवघडला. सफरचंद गॅलरीत जाऊन खायला लागला. कुरकुरीत डोसा आमटीत भिजवून मऊ करून खाताना मी त्याला पाहिलं, तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरेना. आपल्या माणसाने आपल्यासमोर बिचकत खावं, यापेक्षा भुरके बरे. शेवटी आम्ही ठरवलं की त्याने मोकळेपणाने खायचं आणि मी मोकळेपणाने उठून जायचं. उठण्याचं कारण कुणी विचारायचं नाही. उठायची मुभा मिळाल्यावर मला पूर्वीइतकं उठावंच लागेना. दार उघडं आहे एवढं माहीत असलं की खांदे आपोआप उतरतात.

बाकीच्या युक्त्या मी हळूहळू जमवल्या. समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं. हलणारा जबडा दिसला की आवाज दुप्पट होतो. जेवताना घर शांत ठेवायचं नाही. शांतता माझी वैरीण आहे हे कळायला मला वेळ लागला. आता पंखा जोरात, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट चालू आणि कोपऱ्यात विविध भारती. आईंना वाटतं मला गाण्यांची आवड लागली. कानात बोळे घालून पाहिले, पण दोन्ही कान बंद केले की स्वतःचंच चावणं डोक्यात घुमतं, आणि बोळे काढल्यावर सगळे आवाज आधीपेक्षा धारदार लागतात. फारच झालं तर एका कानाला इयरबड, तोही बारीक आवाजात. पापड मला शस्त्रासारखा उपयोगी पडतो. अण्णांनी वाटी उचलली की मी पापड मोडते. आमची वेळ आता इतकी जमलीय की बघणाऱ्याला वाटावं आम्ही जुगलबंदी करतोय.

मध्यंतरी एका समुपदेशक बाईंकडेही जात होते. “ऐकत राहा, सवय होईल,” हा सल्ला त्यांनी दिला नाही, म्हणून मी टिकले. हा सल्ला फार लोकप्रिय आहे आणि माझ्या बाबतीत साफ निकामी. उलट ऐकत राहिलं की कान जास्त तयार होतो. त्यांनी दोनच गोष्टी पक्क्या करून घेतल्या. श्वास सोडताना खांदे आणि जबडा मुद्दाम सैल करायचे, आणि “हा मुद्दाम करतोय” हे डोक्यातलं वाक्य आलं की त्याला तिथेच अडवायचं. आवाज तसाच राहतो, पण त्याला चिकटलेला माणूस सुटा होतो. ॲमस्टरडॅममध्ये डॉक्टरांच्या एका गटाने अशाच धर्तीची वर्तनोपचाराची पद्धत बसवली आहे. सगळ्यांना गुण येत नाही, पण पुष्कळांचा त्रास कमी होतो. माझा कमी झाला. गेला नाही.

आणखी एक प्रयोग मला कॅलिफोर्नियातल्या संशोधकांमुळे सुचला. त्यांनी नकोशा आवाजांना दुसरीच चित्रं जोडून दाखवली. म्हणजे आवाज एकाचा आणि पडद्यावर घडतंय तसाच आवाज करणारं दुसरंच काहीतरी. डोळ्यांना पटलं की हे वेगळंच आहे, की तोच आवाज कमी बोचायचा. मग मी अण्णांच्या भुरक्याला चित्र शोधायला लागले. ते गावच्या गोठ्यात सापडलं. बेंदराच्या दिवशी शिंगं रंगवून, झूल घालून आणलेला बैल घमेल्यातलं पाणी ओढतो, तेव्हा थेट तसाच आवाज होतो, शेवटच्या सुस्काऱ्यासकट. बैलाच्या त्या आवाजाचा मला कधीच त्रास झाला नव्हता. उलट घमेलं रिकामं होईपर्यंत मी बघत उभी राहायचे. आता अण्णांनी फुंकर घातली की मी डोळ्यांपुढे घमेलं आणते. दहातल्या चार वेळा जमतं. सासऱ्यांना बैल समजून जेवणारी सून मी एकटीच असेन, पण बेंदराच्या दिवशी बैलाला पुरणपोळीचा मान असतो, तेव्हा यात अपमान काही नाही.

दमलेली असले, झोप झालेली नसली, की यातली एकही युक्ती चालत नाही. त्या दिवशी मी सरळ आधी जेवून घेते आणि डोकं दुखतंय म्हणते.

इथवर माझी घडी बसत आली होती, आणि गेल्या उन्हाळ्यात लेक सहावीतून सातवीत जाता-जाता एका दुपारी माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, “आई, तू पोहे खाताना केवढा आवाज करतेस.”

मी घास तोंडात धरून तशीच बसले. माझ्या डोळ्यांपुढे घमेलं, बैल, इन्सुला सगळं येऊन गेलं. हे बहुधा याच वयात सुरू होतं, आणि पहिला आवाज पुष्कळदा घरातल्याच जवळच्या कुणाचा असतो. अभ्यासातली ही वाक्यं मी कितीदा वाचली होती, पण त्यातलं ‘जवळचं कुणी’ आपण असू, हे डोक्यात आलं नव्हतं. मी अगदी हळू चावून पाहिलं. “आता जास्त येतोय,” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि राग आल्याबद्दलचं ओशाळेपणही. तो चेहरा मला आरशातून चांगला माहीत आहे.

तिला तेच आहे असं मी म्हणत नाही. या वयात आईचं श्वास घेणंही खटकतं, ते वेगळ्या कारणाने. पण मी तिला माझं सगळं सांगितलं. तुला आत्ता जे वाटलं त्याने तू वाईट ठरत नाहीस, आणि पोहे खाल्ले म्हणून मीही नाही. बसवत नसेल तर ऊठ, पण ताट आपटून नको. तिने नीट ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, “मग तू आजोबांना अजून सांगितलं का नाहीस?”

मी तिला खूप कारणं दिली. त्यांचं वय, त्यांचा स्वभाव, त्यांना वाईट वाटेल, त्यांचं जेवणावरून मन उडेल, सुनेने सासऱ्याला असं बोलायचं नसतं. तिने एकेका कारणाला मान हलवली, म्हणजे ती पटली असं मला वाटलं. माझ्या युक्त्याही तिला शिकवल्या, पापडाची तर तिला फारच आवडली. फक्त ओट्यामागे लपायची युक्ती मी तिला सांगितलेली नाही. पोळ्या लाटत उभं राहण्याइतकं सोपं लपणं दुसरं नाही, आणि एकदा जमलं की कुणी तुम्हाला तिथून बाहेर बोलावत नाही, वर शाबासकी देतात.

गेल्या रविवारी कढी होती. अण्णांनी वाटी उचलली, फुंकर घातली. मी पापडाकडे हात नेला, तेवढ्यात ती म्हणाली, “आजोबा, मला भुरक्याचा आवाज सहन होत नाही. तुम्ही प्या, मी बाहेर हॉलमध्ये बसून जेवते. आणि आईला पण होत नाही.”

आईंचा हात वाढताना थांबला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी पापडाकडे.

अण्णांनी वाटी खाली न ठेवता नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मग बस की भाईर,” ते म्हणाले. “आन् कढी घिऊन जा, गार होतीय. तू बी जा गं, एवढी वर्सं काय करत हुतीस हितं?”

आणि त्यांनी भुरका मारला.